बेटावरची सुट्टी: भरती, वारा आणि उन्हाच्या घड्याळावर दिवस कसा लावायचा

पहिल्यांदा बेटावर गेलो तेव्हा मी स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग बघायला, दुपारी दोन वाजता उतरलो होतो. का, तर सकाळी आरामात उठलो, नाश्ता लांबला, मग पोट जड झालं म्हणून तासभर लोळलो आणि त्यानंतर आठवलं की अरे आपण समुद्रात जायला आलोय. पाणी मांडीएवढं, ओहोटी लागलेली, वारा सुटलेला, वाळू ढवळून पाणी ताकासारखं झालेलं आणि खालचे प्रवाळ इतके जवळ की पोट खरवडतंय का काय असं वाटायला लागलं. वीस मिनिटांत बाहेर आलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो की काही नसतं हो, ते सगळं फोटोतच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या एका आजोबांनी सकाळी साडेसातला दार वाजवून मला जवळपास ओढतच नेलं. तीच जागा, तोच मास्क, पण डोक्यावर नवीन डोळे बसवल्यासारखं झालं. पाणी काचेसारखं, खाली पोपटमासे प्रवाळ कुरतडतायत आणि तो कुरकुर कुरकुर आवाज चक्क ऐकू येतोय!

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: बेटावर काय काय करायचं याची यादी नंतर करा, आधी कधी करायचं ते ठरवा. तिथे तीन घड्याळं चालतात, भरतीचं, वाऱ्याचं आणि उन्हाचं. तिन्ही जुळली की साधा किनारासुद्धा भारी वाटतो आणि नाही जुळली की जगातला सगळ्यात नावाजलेला रीफही (प्रवाळांचा पट्टा) बोअर होतो. खाली सगळं त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी आता प्लॅन करतो.

पायरी १: तिकीट काढायच्या आधी बेटाची बाजू बघा

उष्ण कटिबंधात ऋतू मुळात दोनच, ओला आणि कोरडा. पण कुठे कधी ते वेगवेगळं. मालदीवला साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा, बालीला एप्रिल ते ऑक्टोबर, आणि कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम, त्यातले ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात बेभरवशाचे. एवढं सगळे बघतात. जे बहुतेक जण बघत नाहीत ते म्हणजे बेटाला दोन तोंडं असतात. ज्या बाजूने कायमचा वारा येतो ती हिरवी, ओली, धबधब्यांची, आणि तिकडचा समुद्र खवळलेला. डोंगराच्या आडोशाची बाजू कोरडी, उन्हाची, आणि पाणी शांत. हवाईतलं कवाई बेट घ्या, मध्यावरचा वायलेआले डोंगर जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक आहे आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा ठणठणीत. म्हणजे ‘त्या बेटावर पाऊस असतो का’ हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या बाजूला ते विचारा.

आणि लाटांचाही मोसम असतो. हवाईत हिवाळ्यात उत्तरेच्या किनाऱ्यांवर घराएवढ्या लाटा येतात, सर्फिंगवाले त्यासाठीच जातात, आणि उन्हाळ्यात तेच किनारे तळ्यासारखे होतात. त्यामुळे कुणीतरी जुलैत काढलेला शांत निळ्या पाण्याचा फोटो बघून जानेवारीत तिथे पोहायला जाऊ नका. राहायची जागा शक्यतो आडोशाच्या बाजूला घ्या, डोंगर-धबधब्यांसाठी एक दिवस पलीकडे जाऊन या. उलटं केलंत तर रोज समुद्रासाठी गाडी हाकत बसाल.

पायरी २: भरतीचा तक्ता वाचायला शिका, दहा मिनिटं लागतात

कुठल्याही बेटाचा टाइड टेबल फोनवर मिळतो. त्यात दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या दिसतील, बहुतेक ठिकाणी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं आणि रोज सगळं अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. म्हणजे सोमवारी भरती सकाळी ९ ला असेल तर मंगळवारी ९:५० ला आणि शुक्रवारी साधारण १२:२० ला. हे एकदा डोक्यात बसलं की पूर्ण आठवड्याचा प्लॅन आपोआप दिसायला लागतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं, प्रवाह जोरात असतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी, प्रवाह मंद. नवखे असाल, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर भांगाचा आठवडा निवडा, निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता पाणी सहा तासांत एकसारखं चढत किंवा उतरत नाही, आणि इथेच लोक फसतात. समजा भरती-ओहोटीतला फरक १.२ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी १० सेंमी उतरेल, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात आणि चौथ्यात ३०-३०, पाचव्यात २०, सहाव्यात परत १०. हा ढोबळ हिशोब आहे, दर्यावर्दी लोक त्याला बाराव्या हिश्श्याचा नियम म्हणतात. मतलब काय, तर मधले दोन तास पाणी सगळ्यात जोरात धावतं आणि दोन्ही टोकांना थबकतं. पाण्यात उतरायचं ते या थबकलेल्या वेळेत. रीफ उथळ असेल तर भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधीपासून ती होऊन अर्धा तास जाईपर्यंत, ही माझी आवडती खिडकी. बाहेरचं स्वच्छ पाणी आत येत असतं, खाली पोटाला जागा असते, आणि प्रवाह तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलत असतो. ओहोटी जोरात लागल्यावर मात्र, विशेषतः लगूनमधून, म्हणजे रीफच्या आतल्या तळ्यासारख्या पाण्यातून, समुद्रात उघडणाऱ्या खिंडीजवळ, अजिबात जाऊ नका, सगळं पाणी त्याच दारातून बाहेर पळत असतं आणि तुम्हीपण त्याच्यासोबत.

अपवाद आहेत. ताहितीला भरती रोज साधारण भर दुपारी आणि मध्यरात्रीच येते, तिथे चंद्रापेक्षा सूर्याचंच जास्त चालतं, आणि चढ-उतारही जेमतेम फूटभर. कॅरिबियनमध्येही बऱ्याच ठिकाणी फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो. अशा जागी भरतीचं घड्याळ बाजूला ठेवून सरळ वाऱ्याकडे बघायचं.

पायरी ३: वारा, म्हणजे दुपारी समुद्रात का नाही

सूर्य वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, गरम हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. म्हणून सकाळी दहा-अकरापर्यंत समुद्र आरशासारखा आणि दुपारी दोनला त्याच्यावर पांढरे घोडे. पांढरे फेसाळ शेंडे दिसायला लागले की स्नॉर्कलिंग, कयाक (वल्ह्याची निमुळती छोटी होडी), पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) सगळं आवरतं घ्या. ज्यांना वाराच हवाय, म्हणजे काइटसर्फिंग, विंडसर्फिंग, छोटी शिडाची होडी, त्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो.

आता दोन्ही घड्याळं एकत्र लावा. पाच दिवसांची ट्रिप, पहिल्या दिवशी भरती सकाळी ९ ला. तर पहिले तीन दिवस सकाळी स्नॉर्कलिंग आणि डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणं), कारण भरती आणि शांत वारा एकाच वेळी. चौथ्या-पाचव्या दिवशी भरती वाऱ्याच्या वेळेत घुसते, पण त्याच वेळी पहाटेची ओहोटी सहाच्या सुमाराला येते, मग उजाडताना खडकांवरच्या डबक्यांत खेकडे, तारामासे बघत फिरायचं आणि नंतर डोंगर. असं रोजचं काम ठरतं, भांडण होत नाही. नाहीतर ग्रुपमध्ये रोज सकाळी ‘आज काय करायचं’ यावर एक तास जातो, आणि तो एक तासच तर चांगला असतो!

पायरी ४: ऊन

दुपारचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, तिकडे ११ च्या वर सहज जातो. वारा थंड लागतो म्हणून कळत नाही. आणि पाण्यात आहोत म्हणजे वाचलो असंही नाही, पाण्याच्या अर्धा मीटर खालीसुद्धा वरच्या अतिनील किरणांपैकी साधारण ४० टक्के पोचतात. स्नॉर्कलिंगमध्ये नेमकं काय भाजतं सांगू? गुडघ्यांच्या मागची बाजू, मान, आणि कानांची टोकं. मी एकदा तीन दिवस पाय न वाकवता चाललोय, यंत्रमानवासारखा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टीशर्ट) आणि लांब लेगिंग्ज. सनस्क्रीन फक्त चेहरा, कान, मान, हाताचे पंजे आणि पावलं एवढ्यालाच लागतं मग. एसपीएफ ३० किंवा ५०, पाण्यात जायच्या १५-२० मिनिटं आधी, भरपूर, आणि दर दोन तासांनी परत. विकत घेताना मागचं लेबल वाचा: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नको. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून हे दोन घटक असलेलं सनस्क्रीन नेहमीच्या दुकानात विकायलाच बंदी आहे आणि पलाऊने तर १ जानेवारी २०२० पासून आणखी लांबलचक यादी घातलीय. झिंक ऑक्साइडवालं घ्या, तोंड पांढरंफटक दिसतं, दिसू दे.

दुपारी अकरा ते तीन सावलीत. झोपा, पत्ते खेळा. पण नारळाच्या झाडाखाली चटई टाकू नका, गंमत नाही करत, वर बघून बसा.

पायरी ५: स्नॉर्कलिंग, सावकाश आणि नीट

यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेकांसाठी बेटावरचा सगळ्यात मोठा आनंद हाच असतो आणि बहुतेकांचा पहिल्या पाच मिनिटांत मूड जातो तोही इथेच.

मास्क आधी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, केस बाजूला करा, नाकाने हलकी हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा बघा. भाड्याच्या दुकानात पाच-सहा मास्क लावून बघायला लाजू नका, मागे रांग लागली तर लागू दे. मिशा असतील तर पाणी थोडं झिरपणारच, मिशीची नाकाखालची कड जरा कापून घेतली तर फरक पडतो. पट्टा करकचून आवळला की पाणी येणार नाही असं वाटतं पण उलट होतं, कड मुडपते आणि जास्त गळतं.

नवीन मास्क असेल तर काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर कितीही काही करा, धुकं धरणारच. आणि दर वेळी उतरायच्या आधी आत थुंकायचं, बोटाने पसरवायचं, एकदा विसळायचं. घाण वाटतं, पण चालतं. थुंकी नको असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मला पटत नाहीत. नाकातोंडाने श्वास घेता येतो म्हणून नवख्यांना बरे वाटतात, पण गडबड झाली की पटकन काढता येत नाहीत आणि ते घालून खाली बुडी मारता येत नाही. साधा मास्क आणि साधी नळी शिकायला अर्धा तास लागतो, तेवढा द्या.

तो अर्धा तास असा: कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) नकोत अजून. नळी तोंडात, वाकून फक्त चेहरा पाण्यात, पाय जमिनीवर. आता फक्त श्वास. आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. पहिल्या मिनिटाला मेंदू ओरडेल की हे चुकीचं आहे, पाण्यात तोंड घालून श्वास घेतात का कधी! ओरडू द्या. दोन-तीन मिनिटांत गप्प होतो. मग मुद्दाम नळीत थोडं पाणी जाऊ द्या आणि मेणबत्ती विझवायची नाही तर चूल फुंकायची असल्यासारखी जोरात ‘फू’ करा, पाणी वरून उडून जाईल. हे पाचदा करा. नंतर फिन्स चढवा, पाण्यात उलटं चालत जा, सरळ चाललात तर तोंडावर पडाल. आणि पाय हलवायचे ते मांडीपासून, सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून नाही.

पोहता येत नसेल तर? लाइफ जॅकेट घाला, सोबत गाइड घ्या, त्याची रिंग धरून तरंगा. मान वर करून इकडेतिकडे बघत राहिलात की दमता, चेहरा खाली ठेवलात की शरीर आपोआप तरंगतं. आमच्यासोबत एक मावशी होत्या, आयुष्यात कधी पाण्यात न उतरलेल्या, त्या जॅकेट घालून सगळ्यात जास्त वेळ पाण्यात राहिल्या आणि त्यांनाच कासव दिसलं.

उतरल्यावर लगेच मासे शोधायला निघू नका. एक मिनिट नुसतं तरंगत राहा आणि खालच्या एका दगडावर नजर ठेवा. तुम्ही कुठे सरकताय ते कळेल. जिकडे सरकताय त्याच्या उलट दिशेने सुरुवात करायची, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणेल. दर दहा मिनिटांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची खूण बघायची. एकट्याने कधीच नाही, जोडीदार हाक मारल्यावर ऐकू येईल एवढ्या अंतरात.

खाली बुडी मारायची हौस येईल. येऊ दे, पण त्याआधी भराभर खोल श्वास घेऊन ‘दम भरून’ घेऊ नका. त्याने ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि श्वास घ्यायची इच्छाच वेळेवर होत नाही, माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो, काही इशारा न देता. एक साधा श्वास, बुडी, वर, आणि मग नीट विश्रांती.

प्रवाळांना हात नाही, पाय नाही, फिनही नाही. दगड वाटतो तो पण वसाहत असते ती, मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलीमीटर ते दोन सेंटीमीटर एवढेच वाढतात, म्हणजे तुम्ही उभं राहून मोडलेला तुकडा तुमच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. शिवाय त्याने झालेली जखम आठवडाभर चिघळते, तो तुमचा तोटा. वाळूत उभं राहायचं असेल तर पाय उचलून न टाकता घासत घासत चाला, वाळूत लपलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर ती चाहूल लागून निघून जाते.

शेवटचं, घाई करू नका. जो एका खडकाभोवती वीस मिनिटं थांबतो त्याला जास्त दिसतं. मासे आधी लपतात, मग तुम्हाला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पायरी ६: किनाऱ्यावर पोहताना पाण्याची खिंड ओळखा

रीफ नसलेल्या उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर लोक लाटांना घाबरतात आणि लाटा नसलेल्या जागी शिरतात. तीच चूक. दोन बाजूंना लाटा फेसाळत फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, वर वाळूचा गढूळपणा किंवा फेस बाहेर वाहताना दिसतोय, तो रिप करंट. लाटांनी आत आणलेलं पाणी तिथून परत जात असतं. वेग कधीकधी सेकंदाला २.४ मीटरपर्यंत जातो, एवढ्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही फार वेळ टिकत नाही.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. तो खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. पाठीवर तरंगा, दम टिकवा, एक हात वर करा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या आणि मग लाटांसोबत तिरके आत. पोहायच्या आधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघायचं, आणि जीवरक्षक असलेलाच किनारा निवडायचा, एवढं केलं तरी बहुतेक वेळा ही वेळच येत नाही.

पायरी ७: कयाक

एकच नियम पाठ करा: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, येताना वाऱ्यासोबत. सगळे उलटं करतात, कारण जाताना वारा पाठीशी असला की आपण फार भारी वल्हवतोय असं वाटतं, आणि परतताना खांदे गळून पडतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर किनाऱ्यालगत पाणी शांत दिसतं आणि तेच फसवं, शंभर मीटर आत गेलात की परत येणं जड. अशा दिवशी खाडीतच राहा.

वर बसायची उघडी कयाक घ्या. निघायच्या आधी मुद्दाम उलटी करा आणि परत चढून दाखवा, पोट आडवं टाकून आधी पोटावर, मग वळून बसायचं. हसतील लोक, हसू द्या, खोल पाण्यात पहिल्यांदा शिकण्यापेक्षा बरं. वल्हवताना जोर हातांचा नाही, कंबरेतून अंग वळवायचं. फोन ड्राय बॅगमध्ये आणि बॅग कयाकला बांधलेली.

कांदळवनातून कयाक नेणं हा माझा सगळ्यात लाडका प्रकार. आत जाताना चढती भरती हवी आणि भरती पूर्ण झाली की परत फिरायचं, कारण ओहोटीत अडकलात तर मांडीएवढ्या चिखलातून कयाक ओढत आणावी लागते. विचारू नका मला कसं माहीत. डासांचं औषध सोबत ठेवा, पण आधी सनस्क्रीन, वाळलं की मग वरून औषध.

काही खाड्यांत रात्री पाणी चमकतं, सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की निळसर उजेड पाडतात. पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे यासाठी प्रसिद्ध, तिथे पोहायला बंदी आहे, कयाकमधूनच बघायचं. हे बघायला अमावास्येच्या आसपासच्या रात्री हव्यात. चांदण्यात गेलात तर पैसे पाण्यात, शब्दशः.

पायरी ८: पहिली स्कुबा डाइव्ह

सर्टिफिकेट नसलं तरी प्रशिक्षकासोबत तोंडओळखीची डाइव्ह करता येते, त्यात कमाल खोली १२ मीटर. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, हृदय, कानाचं ऑपरेशन, जे असेल ते खरं लिहा, लपवून फायदा कुणाचाच नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, औषध घेऊनही नाही.

कारण कान. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत दबते. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखायला लागलं तर थोडं वर या, परत करा, नाहीच उघडले तर हात हलवून प्रशिक्षकाला दाखवा आणि डाइव्ह सोडा. आणि दुसरी गोष्ट, श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, रोखून धरली तर इजा होते. सतत, सावकाश श्वास, एवढं जमलं की बाकी सगळं प्रशिक्षक बघतो.

ऑपरेटर निवडताना मी तीन गोष्टी विचारतो: एका प्रशिक्षकामागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि खोल पाण्यात न्यायच्या आधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का. उत्तर देताना वैतागला तर दुसरीकडे.

विमानाचं गणित इथे येतं, कारण डाइव्हनंतर लगेच उंचावर, कमी दाबात जाणं धोक्याचं असतं. एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान १८. मी सरळ २४ धरतो. आणि एक गोष्ट लक्षात येत नाही, ती म्हणजे उंच डोंगरही विमानासारखाच. हवाई बेटावरचा मौना केआ ४,२०७ मीटर आहे, सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी गाडीने वर सूर्यास्त बघायला, असा प्लॅन लोक खरंच करतात. नका करू.

पायरी ९: डोंगर आणि धबधबे

उजाडता उजाडता निघा. एक तर ऊन, दुसरं म्हणजे बऱ्याच डोंगराळ बेटांवर दुपारनंतर माथ्यावर ढग बसतात, आणि तिसरं, विषुववृत्ताजवळ अंधार फार पटकन पडतो. सूर्य बुडाल्यावर जेमतेम २०-२५ मिनिटं उजेड असतो, ‘अजून अर्धा तास आहे’ म्हणेपर्यंत पायाखालचं दिसत नाही. दिवसाच्या ट्रेकलाही टॉर्च सोबत ठेवा, फोनचा नाही, वेगळा.

पाणी माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि सोबत थोडं मीठ-साखर. लाव्हाचे दगड चपला फाडतात, म्हणून बंद बूट.

धबधब्याखाली डुंबताना आकाश निळं असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला की सामान सोडून आधी उंचावर चढा. वाट ओलांडायचा ओढा फुगलेला असेल तर थांबा, असे ओढे काही तासांत उतरतातही. अंगावर उघडी जखम असेल तर गोड्या डोहात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तळ माहीत नसलेल्या डोहात उडी तर नाहीच.

कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं. फळ खायचं नाही, पान तोडायचं नाही, आणि पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात.

पायरी १०: काही चावलं, लागलं तर

जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, चोळू नका. बॉक्स जेलीफिशच्या भागात किनाऱ्यावर व्हिनेगर ठेवलेलं असतं, ते किमान ३० सेकंद ओतायचं, मग चिमट्याने तंतू काढायचे. लघवीचा उपाय विसरा. स्टोनफिश, लायनफिश किंवा पाकटीचा काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास ठेवायची, वेदना बरीच उतरते, पण दवाखान्यात तरीही जायचंच. श्वास लागणं, छातीत दुखणं, उलट्या असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. प्रवाळाने खरचटलं तर साबण-पाण्याने जरा दुखेपर्यंत घासून धुवायचं, बारीक कण आत राहिले की पिकतं.

शेवटचा दिवस

डायव्हिंग संपलेलं, भरती दुपारी, म्हणून सकाळी ओहोटीतली डबकी किंवा छोटा डोंगर. आदल्या रात्रीच मास्क, फिन्स, रॅशगार्ड गोड्या पाण्यात विसळून सावलीत वाळत टाका, उन्हात ठेवलात तर सिलिकॉन लवकर पिवळं पडतं. सकाळपर्यंत मास्क वाळला नसेल तर फडक्याने पुसून वर हँडबॅगेत ठेवा, बंद डबीत ओला कोंबला तर घरी पोचेपर्यंत त्याला बुरशी आलेली असते आणि पुढच्या वेळी परत पाच-सहा मास्क लावून बघत रांग अडवावी लागते.